सत्तरीतून आलेली क्रोपाचेक

गोव्यातल्या फोंड्यातील माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या परवान्याच्या बंदुका बहुतेक बारा बोरच्या, म्हणजे छऱ्यांच्या असतात आणि त्यांचे दुखणेही ठरलेले असते: पावसाळ्यात चढलेला गंज, नाहीतर चापाची मोडलेली स्प्रिंग. निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेथे ती गोणपाटात गुंडाळून एकमेकांवर रचली जातात आणि परत येतात तेव्हा दस्त्याला पोचे व नळीला तांबूस डाग पडलेले असतात. माणसाने वर्षभर जपलेली वस्तू सरकारी ताब्यात अशी खराब व्हावी, याचा मला अजूनही संताप येतो.

सत्तरी तालुक्यातील एका बागायतदारांनी आणलेली रायफल मात्र वेगळीच निघाली. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्याची खूण आणि १८८६ हे साल होते, त्याच्या पुढे पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याची मुकुटांकित मुद्रा होती आणि नळीखाली आठ काडतुसे मावणारी नळीवजा मॅगझिन होती. पोर्तुगीज पायदळाची ही क्रोपाचेक रायफल त्यांच्या आजोबांपासून घरात होती आणि वारसाहक्काने त्यांच्या परवान्यावर आली होती.

“मेस्त, पुढचे लाकूड कापा, नळी आखूड करा आणि तीनशे पंधराचे काडतूस चालेल असे करून द्या,” असे ते म्हणाले. त्यांची अडचण खरी होती. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. बारा बोरची एक त्यांच्याकडे होतीच, आणि दुसरी जागा अशा रायफलीने अडवली होती जिचे काडतूस येथे मिळतच नाही.

क्रोपाचेक आणि तीनशे पंधराची (.३१५) या दोन्ही रायफली आठ मिलिमीटरच्या, मग काडतूसही चालेलच, असा समज या धंद्यातल्या लोकांतसुद्धा आढळतो आणि तो जिवावर बेतणारा आहे. क्रोपाचेकच्या काडतुसाची पितळी कोठी साठ मिलिमीटर लांब असते, तर .३१५ ची पन्नास. शिवाय ही रायफल कमी दाबाच्या काळ्या दारूच्या काळातली असून तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, मुठीच्या बुंध्यापाशी एकाच ठिकाणी अडकतो. नळी बदलली तरी त्या एका अडणीवर आजच्या काडतुसाचा दाब सोपवायला मी तयार नव्हतो. नळी आखूड करण्यासाठी तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो, हेही मी त्यांना सांगितले.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा जुन्या, पुराणवस्तूसारख्या शस्त्राला कलम ४५ प्रमाणे या कायद्यातून सूट मिळते. तेव्हा नळीत वेल्डिंग करून बोल्टही कायमचा जाम केला तर परवान्यावरची जागा मोकळी होईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच मी उत्तर देण्याआधी रायफल खोलून बघण्यासाठी वेळ मागून घेतला.

घरच्यांनी वर्षानुवर्षे खोबरेल तेल लावल्यामुळे ते स्क्रूंच्या खाचांत चिकट होऊन घट्ट बसले होते. अशा वेळी ठोकाठोक केली की खाच फाटते आणि मूळ स्क्रू कायमचा जातो, त्यामुळे खाचेच्या रुंदीला नेमका बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर घासून घेतला, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर थांबलो आणि मग एकेक स्क्रू हळूहळू फिरवला. दस्ता सुटला तेव्हा लाकडाखाली झाकलेल्या नळीवर मूळचा निळसर काळा रंग शाबूत दिसला, आणि बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळत होता. ज्या रायफलीचे भाग एकमेकांपासून कधी वेगळे झाले नाहीत, तिला पॉलिश पेपर लावणारे कारागीर मला ठाऊक आहेत, आणि त्यांना मी कारागीर मानत नाही.

सत्तरीत १८९५ साली मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांचे बंड झाले, सत्तरीतले जमीनदार राणे त्यात उतरले आणि ते मोडण्यासाठी लिस्बनहून राजपुत्र अफोंसो फौज घेऊन आला. त्या काळी पोर्तुगीज पायदळाच्या हाती हीच रायफल होती. ही नेमकी त्या धामधुमीत होती असा पुरावा नाही. पण पुरावा सापडलाच तर तो तिच्या क्रमांकांत आणि लाकडावरच्या शिक्क्यांत सापडेल, आणि घासण्या-कापण्यात हेच पहिल्यांदा जाते.

शेवटी मी तिला वेल्डिंग केले नाही. तांबडा गंज चढलेले सुटे भाग पाण्यात उकळून तो गंज काळा करून घेतला, मऊ स्टील वूलने वरची भुकटी काढली, लाकडाला अगदी थोडे जवसाचे तेल दिले आणि धातूवर मेणाचा पातळ हात फिरवला. मखमली खोळीत ओल धरते, म्हणून ती वापरू नका, असे बजावून सांगितले. सर्व क्रमांकांचे टिपण त्यांच्या परवान्याच्या कागदांसोबत लावून दिले.

तरीही त्यांचे म्हणणे डोक्यातून जात नाही. रानडुकरे त्यांच्या बागेत शिरतात, माझ्या नव्हे. जुन्या रायफलीचे मोल मी ठरवले आणि त्याची किंमत ते मोजत आहेत. घेऊन जाताना ते म्हणाले, “परवाना पाच वर्षांचा आहे. नूतनीकरणाच्या वेळी परत येईन, तेव्हा जागेचे काय ते सांगा.” नळी कापण्याबाबत माझे उत्तर तेव्हाही हेच राहील. जागेबाबत द्यायला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही.