बारा महिने आणि छत्तीस हप्ते

जून २०२२ मध्ये मी इंग्लंडमध्ये स्वतःहून दिवाळखोरी पत्करली. स्लाउमध्ये सात वर्षं मी घरगुती डबे पोचवत होते. कंपनी काढलेली नव्हती, धंदा माझ्या एकटीच्या नावावर. तेल-गॅस महागलं, गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा क्रेडिट कार्डांचे ३१ हजार पौंडही माझ्याच अंगावर आले. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, फी ६८० पौंड. ती थोडी थोडी भरता येते, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मला ती जमवायला चार महिने लागले.

जो तो मला सांगत होता, 'बारा महिन्यांत मोकळी होशील.' कर्जातून मी खरंच वर्षभरात मोकळी झाले. पण हप्ते आणि बंधनं यांच्या मुदती वेगळ्या असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळखोरीचा आदेश निघाला आणि बँकेचं खातं गोठलं. मग ऑफिशियल रिसीव्हरच्या कार्यालयातून फोनवर मुलाखत झाली. हा रिसीव्हर म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन त्याच्या व्यवहारांची चौकशी करणारा सरकारी अधिकारी. 'परदेशात काही मालमत्ता?' या प्रश्नावर मी पटकन 'नाही' म्हणणार होते. मग आठवलं, वडील गेल्यावर साताऱ्याकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आई आणि दादासोबत माझंही नाव चढलंय. इथल्या कायद्यात मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती सांगावीच लागते. मी सांगितलं, उतारा इंग्रजीत करून पाठवला. हिस्सा लहान होता, त्यांनी पुढे काही केलं नाही. पण लपवलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. गावी नावावर काही असेल तर कृपा करून आधी सांगा.

दुसरा प्रश्न जड गेला. गेल्या काही महिन्यांत कुणा नातेवाइकाला पैसे दिलेत का? दिले होते. रेडिंगला राहणाऱ्या दादाने अडचणीत ३,००० पौंड दिले होते, त्यातले २,४०० मी अर्जाच्या चार महिने आधी परत केले. बँका थांबतील, भावाचे पैसे बुडायला नकोत, असं मनात होतं. आपल्याकडे याला कुणी वाईट म्हणणार नाही. इथे मात्र ज्यांचं देणं होतं त्या बाकीच्यांना डावलून एकाला झुकतं माप दिलं असा त्याचा अर्थ होतो, आणि जवळच्या नातेवाइकाच्या बाबतीत मागची दोन वर्षं तपासतात. दादाला पत्र गेलं. त्याला ते पैसे रिसीव्हरकडे भरावे लागले. 'अगं, असू दे,' एवढंच म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यावरूनच पुढे मला बंधनांचं हमीपत्र पाठवण्यात आलं. बेफिकीर किंवा अप्रामाणिक वागणूक दिसली तर दिवाळखोरीची बंधनं २ ते १५ वर्षं लांबवता येतात. सही केली नाही तर प्रकरण कोर्टात जातं. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी माझ्यासोबत बसून एकेक ओळ वाचली, मग एप्रिल २०२३ मध्ये मी दोन वर्षांसाठी सही केली. म्हणजे कर्ज जूनमध्ये माफ झालं, बंधनं मात्र एप्रिल २०२५ पर्यंत राहिली: ५०० पौंड किंवा जास्त उधारी घेताना समोरच्याला दिवाळखोरी सांगायची, कोर्टाच्या परवानगीशिवाय कंपनीची डायरेक्टर व्हायचं नाही. गाडीचा ७४० पौंडांचा विमा मासिक हप्त्यांवर घेणं हीसुद्धा उधारीच. मी खरं सांगितलं, त्यांनी नकार दिला, नवऱ्याने एकरकमी भरला. एका मैत्रिणीला माझ्यासोबत केटरिंग कंपनी काढायची होती, तिला मी नाही म्हटलं.

आता हप्ते. ते ठरले तोवर मी एका गोदामात नोकरीला लागले होते, हातात १,७८० पौंड यायचे. भाडं, किराणा, बसचा पास, मुलीचे शाळेचे कपडे असा घरखर्चाचा तक्ता भरला. नवऱ्याचा पगार धरून माझ्या वाट्याचा खर्च १,६८६ ठरला, उरले ९४. महिन्याला २० किंवा जास्त उरत असतील तर ती शिल्लक दरमहा हप्त्याने भरण्याचा साधारण तीन वर्षांचा करार करायला सांगतात, आणि आपण तयार नसलो तर कोर्टाकडून आदेश आणता येतो. आईला दरमहा पाठवायचे ६० पौंड मी तक्त्यात लिहिले होते. ते काटले गेले. या हिशोबात कुटुंब म्हणजे आपल्यासोबत राहणारी, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं. साताऱ्यातली आई त्यात बसत नाही. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. तेव्हापासून आईचे पैसे नवरा त्याच्या पगारातून पाठवतो.

करार सप्टेंबर २०२२ ला झाला. वर्षाने कर्ज माफ झाल्याचं कळल्यावर मी हप्ता थांबवायला निघाले होते, नशिबाने आधी फोन करून विचारलं. तो चालूच राहतो. पगार वाढला तर कळवावं लागतं, पण घटला तरीही कळवा. माझे तास कमी झाले तेव्हा मी तीन महिन्यांच्या पगारपावत्या पाठवल्या आणि हप्ता ९४ वरून ३८ वर आला. गप्प बसले असते तर थकबाकी चढली असती.

आता शेवटचे दोन हप्ते उरलेत. दादाचं देणंही बाकीच्यांसोबत कायद्याने पुसलं गेलंय. तरी ऑक्टोबरपासून दरमहा १०० पौंड त्याच्या खात्यात टाकायचं मी ठरवलंय, आणि ते त्याला अजून सांगितलेलं नाही.