माझी इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. पण सूर्यवंशी प्लॉटातली माणसं 40 ची वाट बघत बसत नाहीत. आपल्या दारात पाणी कितीला येतं हे त्यांना पाठ असतं आणि त्याआधीच धान्याचे डबे, पोरांची दप्तरं वर चढलेली असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्याही जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या होत्या. म्हणून समुपदेशक बाईंनी मला "तुमच्या आजाराची इशारा पातळी कुठली?" असं विचारलं तेव्हा प्रश्न लगेच कळला. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर चढतं, कधी अगदी खाली जातं. नऊ वर्षं झाली. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब बघते. दोनदा दाखल व्हावं लागलं. दुसऱ्या वेळी मला काय होतंय ते डॉक्टरांना नवऱ्यानं सांगितलं, दिरानं सांगितलं, शेजारच्या काकूंनीसुद्धा सांगितलं. मी तेव्हा धड बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, हे खरं. पण बरी झाल्यावरही मला कुणी काही विचारलं नाही. गोळ्यांची चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली आणि आम्ही घरी आलो. ते मला फार लागलं होतं.

आजार सांभाळायची जी पद्धत बाईंनी सांगितली ती मूळ अमेरिकेतली. 1997 मध्ये व्हरमाँट राज्यात मानसिक आजारातून स्वतः गेलेल्या लोकांनी एकत्र बसून ती तयार केली. त्यात पुढे होत्या मेरी एलन कोपलँड, त्याही या आजारातून गेलेल्या. 'वेलनेस रिकव्हरी अ‍ॅक्शन प्लॅन' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला रॅप म्हणतात. त्यातल्या दोन गोष्टी मला पटल्या. आराखडा बरं असतानाच लिहायचा आणि ज्याचा आजार त्यानंच लिहायचा. डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही. कुणाची मदत घ्यायची तर खुशाल घ्यावी, पण पेन आपल्या हातात. गोळ्या सोडायचा हा रस्ता नाही, हेही सांगते. माझं लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारी गोळी, चालू आहे आणि ते माझ्याच अक्षरात पहिल्या पानावर आहे.

दोनशे पानी वही आणली. आपल्याला बरं वाटायला काय काय उपयोगी पडतं, ते पान पटकन भरलं: सकाळचा घाट, गणपती मंदिरापर्यंत चालणं, अक्काला फोन, रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेलिमानसचा 14416. हा मानसिक मदतीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मग रोजचं पान. साडेदहाला अंथरूण, वेळेवर गोळी, भरपूर पाणी. पाण्याचं मुद्दाम लिहिलं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होतो. म्हणजे हरतालिकेचा निर्जळी उपवास बंद. सासूबाईंना हे कसं सांगायचं, याचं मला आठवडाभर दडपण होतं. सांगितल्यावर त्या गप्प बसल्या. हरतालिकेला सकाळी त्यांनीच पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

अडकले ते इशाऱ्याच्या पानावर. मी लिहिलं, "झोप कमी, चिडचिड, खर्च." बाई म्हणाल्या, "हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. तुमचं काय?" तीन आठवडे ते पान तसंच राहिलं. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "तू मला पहाटे पाचला मेसेज करतीस. एक न्हवं, आठ-आठ."

मग एक दिवस दुकानात जुन्या कच्च्या रोजकीर्दी चाळत होते. मी आजारी पडले ते मार्चअखेरीला. हळदीचे सौदे जोरात, हिशेबाचा डोंगर, रात्री अकरा-अकरापर्यंत बसणं. त्या फेब्रुवारीची पानं उघडली आणि अंगावर काटा आला. महिन्याच्या सुरुवातीला माझे आकडे नेहमीसारखे बारीक, रकान्यात बसलेले. वीस तारखेपासून सात आणि नऊ यांच्या शेपट्या खालच्या ओळीत उतरायला लागल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आकडे रकान्याची रेघ ओलांडून शेजारी गेले होते. बेरजा सगळ्या बरोबर होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दाखल झाले 22 मार्चला. म्हणजे महिनाभर आधी माझा हात सांगत होता.

आजाराच्या दुसऱ्या टोकाची खूण अशीच, मन खाली जातं तेव्हाची. जेवणाचा डबा न उघडता घरी परत येतो. एकदा आला तर काही नाही, लागोपाठ तीनदा आला की 40 फूट.

मी वहीत पातळ्याच घातल्या. 40 ला आकडे मोठे किंवा पहाटेचे मेसेज: दोन दिवस रजा, जागरण बंद, डॉक्टरांना फोन. 45 ला लागोपाठ दोन रात्री चार तासांहून कमी झोप: एटीएम कार्ड नवऱ्याकडे, त्याच दिवशी दवाखाना. त्याच्या पुढचं पान लिहिताना रडू आलं. मी माझ्या ताब्यात नसेन तेव्हा कुणी ठरवायचं, कुठे न्यायचं, कुठल्या औषधानं मागे मान आखडली होती, पोरीला काय सांगायचं, कुणी भेटायला यायचं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं आधी लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क दिलाय. आगाऊ निर्देश म्हणतात त्याला. तातडीच्या उपचाराला तो लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांनी त्याप्रमाणे चालायचं असतं. मी अक्काला नेमलं. नवऱ्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही घाबरता. अक्का घाबरत नाही." तो काही बोलला नाही, पण त्यानं मान डोलावली.

त्याच्याशी खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. वही झाल्यापासून मी जरा मोठ्यानं हसले तरी "गोळी घेतलीस का?" रोज, सगळ्यांसमोर. शेवटी मी त्याला एकच वाक्य लिहून दिलं: "आयर्विनला किती?" एवढंच विचारायचं, तेही दोघंच असताना. गोळीचं नाव काढायचं नाही.

गेल्या भाद्रपदात गौरींच्या जागरणाला मी बसले. बसायचं नाही हे वहीत होतं, तरी बसले. चौथ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून घासत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आयर्विनला किती?" मला इतका राग आला की हातातलं झाकण मी मोरीत आपटलं. त्यानं वही आणून 45 चं पान उघडून ओट्यावर ठेवलं आणि तो बाजूला झाला. तिथं माझ्या बारीक अक्षरात होतं, "हे वाचताना मला राग आलेला असेल. तरी कार्ड द्यायचं." मी ते कितीतरी वेळ बघत उभी होते. मग कार्ड दिलं.

डॉक्टरांनी रक्त तपासून औषध वाढवलं. अकरा दिवस घरातच गेले. या वेळी दाखल व्हावं लागलं नाही.

निवळल्यावर वही पुन्हा घेऊन बसायचं असतं, काय जमलं आणि काय नाही ते बघायला. अक्का त्या अकरा दिवसांत दोन्ही पोरांना घेऊन राहायला आली होती आणि त्यांच्या आवाजानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. ती जीव तोडून राबत होती, त्यामुळे तेव्हा बोलवेना. दिवाळीत तिच्यासमोरच वही उघडली आणि तिच्या नावापुढे "एकटीनं यावं" असं लिहिलं. तिनं वाचलं. थोडा वेळ करंज्या भरत राहिली. मग म्हणाली, "आधीच सांगायचं की गं. पोरं सासूकडं ठेवून आले असते."