अर्लसाहेबांची सावली कुठे गेली?

मागच्या खेपेला लिहिलं होतं तो, एडिंबरा शहराच्या छापील दृश्यांचा जुना खंड अखेर आला. ‘मॉडर्न अथेन्स’ (म्हणजे एडिंबराच), १८२९. चित्रं टॉमस शेफर्डची, मजकूर जॉन ब्रिटनचा. (गंमत म्हणजे त्याच साली एडिंबरातल्या कॅल्टन टेकडीवरच्या, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या नकलेचं काम पैशाअभावी थांबलं. आजही तिथे बारा खांब तेवढे उभे आहेत.) छपाईसाठी कोरलेला तांब्याचा पत्रा लवकर झिजतो, पोलादाचा हजारो प्रतींना पुरतो; त्यामुळे शेफर्डची ही पोलादावर कोरलेली दृश्यं हप्त्याहप्त्यानं स्वस्तात निघाली. अख्खी प्रत मिळणं अवघड झालं ते पुढे, चित्रं कापून फ्रेमा करून विकल्यामुळे. म्हणून आधी यादी काढून एकेक चित्र मोजलं. सगळी आहेत. जीव भांड्यात पडला.

जास्तीचे पैसे मात्र मोजले होते ते आतल्या बुकप्लेटसाठी, म्हणजे पुस्तकात चिकटवलेल्या मालकाच्या लेबलासाठी. ‘एका अर्लच्या ग्रंथसंग्रहातून’ असं विक्रेत्याचं वर्णन (अर्ल ही ब्रिटिश सरदारांची एक पदवी). नव्या मंडळींसाठी सांगतो, प्लेटवरच्या कुलचिन्हातल्या मुकुटावरचे मणी मोजायचे. समोर चार मणी दिसले तर बॅरन, उंच काट्यांवर पाच मणी आणि मधे पानं म्हणजे अर्ल, नुसतीच पानं असतील तर ड्यूक. ढालीचे रंगही काळ्या शाईतून वाचता येतात: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा रुपेरी. माझ्या प्लेटवर पाच मणी, लाल ढाल. अर्लच! भिंग हातातून सुटेना, चहा दोनदा गार झाला.

मग समोरच्या कोऱ्या पानाकडे नजर गेली. वर्षानुवर्षं चिकटलेलं लेबल बहुधा समोरच्या पानावर तपकिरी सावली टाकतं. इथे सावली होती, पण प्लेटपेक्षा बोटभर लहान आणि जरा खाली सरकलेली. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तर प्लेटखाली दुसऱ्या एका चौकोनाच्या कडा उठून आल्या. कुणा साध्यासुध्या मालकाचं लेबल झाकून वर अर्लसाहेब बसवलेत!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर गोड, पैसे परत नाहीत. एक मित्र म्हणाला, वाफ देऊन प्लेट सोडव. ऐन पावसाळ्यात, पुण्यात, दोनशे वर्षांच्या कागदाला वाफ दाखवायची माझी छाती नाही. वहीत ‘प्लेट नंतरची, खाली आणखी एक’ अशी नोंद केली आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवून पुस्तक कपाटात.

आता डोळा ब्राउन-होगेनबर्ग यांच्या शहरांच्या चित्रसंग्रहाच्या १५७२ च्या पहिल्या खंडातल्या गोव्याच्या पानावर आहे. सोबत दीव आणि मोरोक्कोतली दोन शहरं. गोवं १५०९ साली घेतल्याचं त्यावर बिनधास्त कोरलंय. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं घेतलं १५१० मध्ये. सुटं पान, त्यामुळे लेबलाची भानगड नाही, पण रंग जुना की काल भरलेला ते बघायला हवं. तांब्याचा जुना हिरवा रंग कागद खात जातो आणि मागे तपकिरी उमटतो. पाठीचा फोटो मागवलाय.