आधी गच्चीवर, मग हवेत

आम्हा नाशिककरांना विमानाचं तसं अप्रूप नाही. ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात १९६४ पासून लढाऊ विमानांचं काम चालतं, लष्कराची हेलिकॉप्टरं नाशिकरोडवर घिरट्या घालतच असतात. तरी मी विमान शिकतेय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, पण तुला चष्मा आहे ना?" चष्मा चालतो. तो लावून नीट दिसलं की झालं. रंग मात्र ओळखता यायला हवेत, कान धड हवेत, ईसीजी ठीक हवा. म्हणून कुठेही पैसे भरायच्या आधी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्याच्या यादीवरच्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे खासगी लायसन्सला लागणारी तपासणी, करून घ्या. पुढे यातच नोकरी करायची असेल तर क्लास वनही लवकर उरका. लाखोंची फी भरल्यावर रंगांधळेपणा निघाला, तर रडायलाही जागा उरत नाही.

मला हौसेपुरतं खासगी लायसन्स हवं होतं. त्याला वय १७ पूर्ण आणि किमान ४० तास उड्डाण लागतं. व्यावसायिक लायसन्सला २०० तास. संस्था शोधताना एके ठिकाणी सगळी फी एकरकमी मागितली. विमानं किती, असं विचारलं तर गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. मी चहा पिऊन उठले. आज, या घडीला उडू शकणारी विमानं किती आणि इन्स्ट्रक्टर किती, एवढं तुम्हीही विचाराच. आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटी धुळ्याजवळ गोंदूरला शिकायचं ठरवलं. खरं कारण सांगू का? धुळ्याच्या देवपुरात मावशी राहते. शनिवार-रविवार तिच्याकडे, बाकी आठवडा सातपूरला नोकरी.

मग आठवडाभर विमानाशिवाय शिकायचं कसं? यावर वैमानिकांचा जुना उपाय आहे, खुर्चीत बसून उडायचं. आमच्या गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची, डाव्या हातात ताट म्हणजे योक (विमान वळवायचं, वर-खाली न्यायचं हँडल), उजव्या हातात लाटणं म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), पायाशी दोन विटा म्हणजे रडरची पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे फिरवणारी). बाबा ओझरहून निवृत्त झालेले, त्यामुळे चेकलिस्ट वाचायला आयता माणूस. "नुसतं म्हणू नकोस, हात लाव," हे त्यांचं पालुपद. उतरायच्या आधी डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उडताना तपासण्या, मग पॉवर कमी, पहिला फ्लॅप (पंखाची मागची पट्टी खाली), बेसला, म्हणजे आडव्या टप्प्याला वळून दुसरा, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत वेग ६५ नॉट, नजर धावपट्टीवर. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या काकूंनी आईला हळूच विचारलंही, "हिचं बरं आहे ना?"

हसा खुशाल, पण हवेत गेल्यावर इंजिनाचा आवाज, ऊन, रेडिओ आणि शेजारी बसलेले सर यांत डोकं निम्मंच चालतं. हाताला सवय झालेली असेल तेवढंच त्या वेळी आठवतं. शिवाय तिथे मीटर पडत असतो, गच्ची फुकट आहे. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. क्रम पाठ व्हायला तो बरा, पण त्याने नजर काट्यांना चिकटते. सरांनी एकदा माझ्यासमोरची निम्मी पॅनेल वहीच्या पुठ्ठ्याने झाकून टाकली आणि म्हणाले, "आता बाहेर बघा, क्षितिज कुठे आहे?" त्या दिवशी माझं विमान पहिल्यांदा एका उंचीवर टिकलं.

रेडिओची भीती जवळजवळ सगळ्यांनाच असते. कुणाला बोलावतोय, आपण कोण, कुठे आहोत, काय हवंय, या क्रमाने बोललं की निम्मं काम होतं. रेडिओवर प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द बोलायचा असतो, त्याचा सराव मी धुळ्याला जाताना आग्रा रोडवर एसटीत केला. समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटा मनात वाचायच्या. एमएच १५ म्हणजे "माइक होटेल वन फाइफ". चांदवड, मालेगाव मागे पडेपर्यंत जीभ वळायला लागते.

आता लँडिंग. पहिले काही तास भराभर जमत जातं, आणि मग अचानक एकही लँडिंग धड होत नाही. कधी फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच उचलणं) उंचावर, कधी विमान तरंगतच राहतं, कधी आपटून उसळतं. बहुतेकांचा गळा इथेच दाटतो. हा टप्पा सगळ्यांचाच असतो. मला उपयोग झाला तो नजरेचा. चाकांसमोरची जमीन बघणं सोडून धावपट्टीच्या पार टोकाकडे बघायला लागले, तेव्हा खाली किती उतरलोय याचा अंदाज यायला लागला. आणि बिनसतंय वाटलं की थ्रॉटल पूर्ण पुढे, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. त्यात कमीपणा नाही. मला तरी शिकाऊ माणसाने न कचरता केलेला गो-अराउंड ओढूनताणून उतरवलेल्या विमानापेक्षा जास्त आवडतो.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायच्या सकाळी मी टाकीखालून नळीत पेट्रोल काढून उजेडात धरलं. निळसर, स्वच्छ, पाणी असतं तर तळाशी थेंब होऊन बसलं असतं. धावपट्टीभोवतीची दोन सर्किट सरांबरोबर झाली आणि ते दार उघडून उतरले. त्यांचं वजन गेल्यावर विमान किती चटकन वर चढतं, हे पुस्तकात वाचलं होतं, तरी दचकलेच. पुढचं सगळं गच्चीवरच्याच क्रमाने झालं. खाली आल्यावर रिवाजाप्रमाणे डोक्यावर पाण्याची बादली.

किती तासांत सोलो झालं, हे मी कुणाला सांगत नाही. तो आकडा ऐकून नवा माणूस उगाच आपला हिशेब मांडत बसतो. त्यापेक्षा दोन उड्डाणांतलं अंतर मोजा. महिन्यातून एकदा गेलात तर निम्मा तास मागचं आठवण्यात जातो. पावसाळ्यात खंड पडणारच, तेव्हा हवामान आणि नियमांचे पेपर उरका, पास व्हायला ७० टक्के लागतात. पाऊस उघडला की साठवलेली रजा काढा आणि सलग आठवडाभर उडा. मे महिन्याच्या दुपारच्या वेळा मात्र दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. तापलेल्या हवेत विमान हिंदकळतं, उचलायलाही वेळ घेतं. सकाळी सहाची वेळ मागून घ्या.