पोळ्याच्या बैलावानी कंबर: परतवाड्याच्या वरच्या कातळावरचे तीन दिवस

आधीच सांगतो, रॅकसाठी, म्हणजे कातळ चढताना कमरेला लटकवायच्या सामानासाठी, कॅरॅबिनर (उघडझाप होणारं दार, म्हणजे गेट असलेल्या धातूच्या कड्या) घेताना दुकानदाराचं ऐकू नका. मी ऐकलं. “सगळे सारखेच असतात हो, फक्त केएन, म्हणजे किती ताण सोसतो ते बघा. आकडा मोठा तेवढा माल चांगला,” असं म्हणत त्यानं एकाच जातीचे चोवीस नग माझ्या गळ्यात मारले. जाड, चकचकीत, सगळे चंदेरी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याची फळं भोगून आलो. बोटांची सालं अजून नीट आलेली नाहीत, म्हणून पुढचं थोडं तिखट वाटलं तर चालवून घ्या.

कातळाचं गावनिशी नाव मुद्दाम लिहीत नाही. गाविलगडच्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, संत्र्याच्या बागेपलीकडं दीडएकशे फुटांची काळ्या दगडाची भिंत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यात कळेल. शेतमालकाला आणि वनरक्षकाला विचारूनच चढा. गाविलगडाच्या किंवा नरनाळ्याच्या तटावर मेखा ठोकायचं डोक्यात असेल तर ते तिथंच सोडून द्या. नरनाळा तर अभयारण्यातच आहे.

अमरावतीहून परतवाड्यापर्यंत एसटी, पन्नासेक किलोमीटर, काही त्रास नाही. पुढच्या चौदा किलोमीटरला जीपवाल्यानं पंधराशे रुपये घेतले. “परतीचे धरून ना?” असं मी दोनदा विचारलं, दोनदा मान हलली. तिसऱ्या दिवशी घ्यायला आला आणि परत पंधराशे मागितले. म्हणे, ते जायचे होते. आमचं सामान बघूनच भाव ठरला, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नंतर कळलं की सकाळी आणि संध्याकाळी गावात एसटी येते, फाट्यावरून वीस मिनिटं चालायचं. तुम्ही तीच धरा. जीप करायचीच असेल तर दोर आणि हार्नेस (चढाईचा कंबरपट्टा) सॅकच्या आत कोंबून मगच भाव विचारा.

पहिल्या दिवशी उजवीकडच्या दोन सोप्या वाटा केल्या आणि रात्री शेतमालकाच्या घरी सोलेभात हाणला. छान झालं सगळं. पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॅक बांधून बागेतून निघालो, तर मालकाचे वडील तुरीच्या काडाच्या ढिगावर बसले होते. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, “काहून बाप्पा, पोळ्याच्या बैलावानी सजून कुठी चालले?” आम्ही हसलो. दोन तासांनी कळलं की म्हाताऱ्यानं माझ्या रॅकचं अचूक निदान केलं होतं. घुंगरं पुष्कळ, कामाचं काही नाही.

मधली भेग दोन टप्प्यांची आहे. खालचा टप्पा सरळ, मेहनतीचा. मग मुरूम साचलेला एक कट्टा, त्यावर उभं राहून बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरणं. आणि त्याच्या वर ते पंधरा फूट. इथं भेग अर्ध्या मुठीची, दोन्ही कडा गुळगुळीत, पायाला उजवीकडं रुपयाएवढी एक खाच. पडलो तर दोर अडवणारं शेवटचं प्रोटेक्शन माझ्या पायाखाली आठ फुटांवर. भेग जिथं चिमटते तिथं नट (तार जोडलेली धातूची पाचर) बसतो, हे खालूनच दिसत होतं.

नट लावायची पद्धत अशी. पाच-सहा नट असलेला कॅरॅबिनर कमरेवरून अख्खा काढायचा, अंदाजानं एकेक लावून बघायचा, बसला की खेचून पक्का करायचा आणि मग त्या नटातून कॅरॅबिनर सोडवून घ्यायचा. माझा तिसऱ्या प्रयत्नात बसला. मस्त बसला. कॅरॅबिनर सोडवायला गेलो तर सुटेना. कॅरॅबिनरच्या नाकाच्या, म्हणजे गेट जिथं मिटतं त्या टोकाला जी आकडी असते, जिच्यात गेटची पिन अडकते, त्या आकडीत नटाची तार जाऊन बसली होती. एका हातानं झटका दिला तर पक्का बसलेला नट भेगेतून उपटून बाहेर. तार अजून आकडीतच, त्यामुळं गेट अर्धवट उघडं. दुसऱ्या झटक्याला तार सुटली आणि उघड्या गेटमधून सगळेच्या सगळे सहा नट एकामागोमाग खाली. कट्ट्यावर बिले देणाऱ्या मित्राच्या हेल्मेटवर त्यातला एक वाजला. त्यानं मला काय म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही.

आता राहिले फ्रेंड, म्हणजे ट्रिगर ओढून भेगेत घालायची आणि सोडली की पसरून अडकणारी साधनं. डोक्याच्या हातभर वर भेग रुंदावते, साधारण साडेतीन सेंटिमीटर. ब्लॅक डायमंड कंपनीच्या कॅमलॉट नावाच्या फ्रेंडमध्ये १ नंबरचा लाल साधारण ३० ते ५२ मिलिमीटर घेतो, २ नंबरचा पिवळा ३७च्या पुढं सुरू होतो. म्हणजे लाल हवा. पण माझ्या कमरेवर सगळे कॅरॅबिनर चंदेरी, फ्रेंडच्या रंगीत स्लिंग (पट्ट्या) मांडीमागं लोंबत होत्या आणि पोटऱ्या लटलट कापत होत्या. चाचपून काढला तो पिवळा. आवळून आवळून कोंबला, जाईना. परत लटकवला, दुसरा काढला तो जांभळा, तो आत नुसता खुळखुळला. तिसऱ्या वेळी लाल हाती लागला. खालच्या मित्रानं नंतर सांगितलं की हे सगळं फार तर दोन मिनिटं चाललं. मला तर अख्खी दुपार गेल्यासारखं वाटलं.

तर मुद्दा. केएनच्या आकड्यानं माझं काहीही भलं केलं नाही. ईएन १२२७५ या युरोपीय मानकाप्रमाणं साध्या कॅरॅबिनरला लांबीत किमान २० केएन, गेट उघडं असताना ७ आणि आडवं ७ लागतं. एक केएन म्हणजे अंदाजे शंभर किलोचा ताण. नावाजलेल्या कंपनीचा कुठलाही नग एवढं देतोच. लांबीत २२ की २४ यावर दोनशे रुपये जास्त मोजणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, आणि तो मी केला. बघायचंच असेल तर गेट उघडं असतानाचा आकडा बघा. त्याहून आधी नाक बघा.

नटांसाठी नाक साफच हवं. ज्याला कीलॉक म्हणतात तो प्रकार, टोकाला आकडी नाही, तार सरळ घसरून बाहेर येते. दुकानात परीक्षा सोपी आहे: नटाची तार कॅरॅबिनरमध्ये घाला आणि डोळे मिटून एका हातानं काढा. अडकली तर परत ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. आकारानं मोठा घ्या. चिमुकल्या कॅरॅबिनरमध्ये सहा नट गर्दी करतात आणि घामेजलेल्या बोटांना गेट सापडत नाही. असे दोनच पुरतात, फार तर तीन. मधल्या मापाचे सगळे नट एकावरच ओवू नका. दोन सेट असतील तर दोन्हीकडं वाटा, म्हणजे एक घोस पडला तरी मार्ग अडत नाही.

फ्रेंडना साफ नाकाची चैन लागत नाही. त्यांची स्लिंग रुंद असते, आकडीत क्वचितच अडकते. तिथं हलके वायरगेट (तारेच्या गेटचे कॅरॅबिनर) लावा, प्रत्येक फ्रेंडला एक, आणि रंग फ्रेंडचाच: ०.५ जांभळा, ०.७५ हिरवा, १ लाल, २ पिवळा, ३ निळा. रंगीत कॅरॅबिनर म्हणजे शोबाजी असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. शब्द मागं घेतो. माझे जाड चंदेरी ४५ ग्रॅमचे, मित्राचे वायरगेट २८चे. चोवीस नगांमागं चारशे ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणी. या कातळावर पाणी नाही, झरा नाही, दक्षिणेला तोंड असल्यानं दिवसभर ऊन अंगावर. ते पाणी न्या.

किल्ल्या अडकवायचे शोभेचे कॅरॅबिनर कमरेवर नकोतच. बाटली लावायला ठीक, असं मीही म्हणायचो, पण घाईत हात काय उचलेल याचा भरवसा नाही. फ्रेंडवरचा कॅरॅबिनर शेवटी दोराखाली जातो, तो पूर्ण ताकदीचाच हवा. आणि गिअर लूपला स्वतःला कधीही बांधू नका. बहुतेक हार्नेसवर ती फक्त सामान अडकवायला असते. सगळी गेट एकाच दिशेला ठेवा. नट आणि फ्रेंड पुढच्या लूपवर, क्विकड्रॉ (पट्टीनं जोडलेल्या कॅरॅबिनरच्या जोड्या) त्यामागं, स्क्रूवाले कॅरॅबिनर आणि नट काढायची पट्टी अगदी मागं.

कापसाच्या शेतातली काळी माती गेटच्या सांध्यात आणि फ्रेंडच्या ट्रिगरमध्ये भरते आणि वाळून सिमेंट होते. कोमट पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा. तेल घालू नका, त्यावर आणखी माती चिकटते.

डाव्या कोपऱ्यातल्या वाटेला आम्ही हात लावला नाही. तिथल्या पोटाखाली आग्या मोहोळाची तीन पोळी आहेत, खालून फक्त एक दिसतं. कुणी ती वाट सोपी आहे म्हणून सांगितलं तर त्यानं ती थंडीत बघितलेली नाही. त्या बाजूला मेख ठोकू नका, आरडाओरडा करू नका, विडी तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी मित्राचे रंगीत वायरगेट आणि त्याचे दोन साफ नाकाचे उसने घेऊन तीच भेग पुन्हा चढलो. ते पंधरा फूट कधी गेले कळलंच नाही. श्रेय पाचेक टक्के माझ्या हाताला द्या, बाकी कॅरॅबिनरला. वर पोचल्यावर इतका खूश होतो की जीपवाल्याला जवळजवळ माफ केलं होतं. तो खाली उभा दिसेपर्यंत.

पडलेल्या सहा नटांपैकी पाच सापडले. सहावा, ८ नंबरचा, कट्ट्याखालच्या घाणेरीत कुठंतरी आहे. तुम्ही गेलात आणि मिळाला तर ठेवून घ्या, पण तार वाकलेली किंवा एखादा धागा तुटलेला दिसला तर वापरू नका. मालकाच्या वडिलांना द्या, त्यांनी तो वासराच्या गळ्यासाठी मागितलाय.