तुम्ही विचारलंत म्हणून: एल्कसाठी रायफल कुठली घ्यावी?

गणपतीची आरती होऊन प्रसादाची रांग लागली की दरवर्षी कोणीतरी मला कोपऱ्यात गाठतं. "काका, तुम्ही एल्कला जाता ना? रायफल कुठली घेऊ?" (एल्क म्हणजे इथलं, अमेरिकेतलं, सांबरासारखं मोठं हरीण.) यंदा विचारणारा पुण्याचा एक तरुण होता, हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच पास झालेला. (आमच्या वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला त्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही.) फोनमध्ये चार रायफलींचे फोटो तयार. मी उलट विचारलं, "जाणार कुठे?" तो म्हणाला, "विलापा हिल्सच्या बाजूला." म्हटलं, मग ते फोटो ठेव आत आणि आधी गोळीबद्दल बोलू.

विलापाचं रान म्हणजे समुद्राकडचं, सदा ओलं. कमरेपर्यंत नेचे, त्यात सॅललची झुडपं, वर हेमलॉक आणि डग्लस फर. तिथे पन्नास यार्ड म्हणजे लांबचा पल्ला. आणि त्या गचपणात असतो रूझवेल्ट एल्क. आपला सांबर आठवा आणि त्याहून थोराड नर डोळ्यांसमोर आणा. चांगला वाढलेला चारशे किलोच्या आसपास भरतो. एवढं धूड तीस पावलांवर उभं असून दिसत नाही. आधी वास येतो, मग एक कान हलतो.

पहिल्या वर्षी मीही फोटो बघूनच रायफल घेतली होती. ३०० विंचेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाची. जनावर मोठं, तर काडतूसही मोठं, असा सरळ हिशेब. गोळ्या दुकानात स्वस्त होत्या त्या घेतल्या: १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), पातळ तांब्याच्या कवचात मऊ शिसं. नर पस्तीस यार्डांवर आडवा उभा राहिला आणि मी खांद्यावर बार टाकला. तो कोसळला नाही. दुसरी गोळी फुप्फुसात घालावी लागली. सोलताना कळलं, पहिली गोळी खांद्याच्या हाडावर फुटून तिचा चुरा झाला होता. पुढच्या फऱ्याचं निम्मं मांस रक्ताळून वाया गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मांसाचं दुःख होतंच, पण त्या दोन बारांमधले सेकंद जास्त छळत होते.

चूक बंदुकीची नव्हती. तसली गोळी दोन-तीनशे यार्डांवर, वेग उतरल्यावर, छान फुलते, म्हणजे तिचं टोक पसरून रुंद होतं. पस्तीस यार्डांवर ती सेकंदाला २,९०० फुटांच्या आसपास धावत असते, आणि त्या वेगाने जाड हाडावर आदळली की टिकत नाही. म्हणजे जवळच्या शिकारीला कमी ताकद पुरते हे खरं, पण गोळी मात्र जास्त चिवट लागते. हे लोकांना उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

चिवट गोळीची गोष्ट जुनी आहे. जॉन नॉस्लर नावाचा गृहस्थ १९४६ साली कॅनडात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेला असताना, चिखलाने माखलेल्या जनावरावर त्याच्या गोळ्या आत शिरण्याआधीच फुटल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून विकली जाते. आता सबंध तांब्याच्याही मिळतात. मी त्याच वापरतो, कारण शिशाचे कण मांसात राहू नयेत असं बायकोचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. कॅलिफोर्नियात तर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे.

चिवट गोळी हवी याचं आणखी एक कारण: ती आरपार जाते. आमच्याकडे नोव्हेंबरात पाऊस थांबत नाही. वर्मी लागलेला एल्कसुद्धा शंभर यार्ड पळतो, आणि एकाच भोकातून गळणारं रक्त नेच्यांवरून दहा मिनिटांत धुऊन जातं. दोन भोकं असली तर माग सापडण्याची आशा.

आता रायफल. लिव्हरवाली (घोड्याजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) ४५-७० घेऊ का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. हे काडतूस १८७३ सालचं, अमेरिकी लष्कराचं. जाड, जड, सावकाश गोळी. जवळून एल्कला उत्तम. पण धक्का सणसणीत, आणि डब्यांवर नाव एकच असलं तरी आतला दारूचा भार वेगवेगळा: जुन्या बंदुकांना झेपेल असा हलकाही आणि फक्त नव्या मजबूत रायफलींसाठीचा कडकही. डबा वाचून घ्या. शिवाय नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक बसतात, म्हणून टणक टोकदार गोळी चालत नाही. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेलं असतं, धक्क्याने ते तिथेच उडू शकतं. सपाट नाहीतर मऊ रबरी टोकाचीच घ्यायची.

"पण काका, जड गोळी झुडपातून सरळ जाते ना?" नाही जात. बोटाएवढी काटकी कुठल्याही गोळीला वाकडं करू शकते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं. कोकणात माझे आजोबा शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीची बंदूक घेऊन रानडुकराची वाट बघत बसायचे. एकदा बार काढला की पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात. त्यामुळे थांबणं त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

मी स्वतः आता ३०८ काडतुसाची रायफल वापरतो. बोल्टची (हाताने खटका मागे-पुढे करून भरायची), आखूड नळी, १६५ ग्रेन तांबं. ३०-०६ असेल तर तीही झकास, बदलू नका. वर एक ते चार पटींची दुर्बीण, आणि रानात ती एकवरच ठेवलेली. नऊ पटींत तीस यार्डांवर नुसते केस दिसतात. काचांना झाकणं हवीतच. शिंगं मोजायला मात्र गळ्यातली दुर्बीण. आमच्या बाजूला बहुतेक ठिकाणी एका शिंगाला तीन टोकं असलेलाच नर मारता येतो, आणि टोकं मोजायला रायफल रोखणं हा गुन्ह्याइतकाच मूर्खपणा आहे. झुडपामागे माणूसही असू शकतो.

तरुणाने फोन खिशात घातला. "मग नेमका सराव कशावर करू?" मी स्वयंपाकघरातून उरलेल्या कागदी ताटल्यांचा गठ्ठा आणून त्याच्या हातात दिला. पन्नास यार्ड, उभ्याने, टेकू न घेता, पाचपैकी पाच. नोव्हेंबरपर्यंत एवढ्या ताटल्या पुरतील का, असं त्याने विचारलं. म्हटलं, नवरात्रात आणखी उरतील.