सरासरीत न बसणारी माणसे

आज दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसलो असताना नोंदवहीजवळच्या ताईंकडे लक्ष गेले. येणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे वाकून बोलत होता आणि त्यांचेच पेन हातात घेत होता. कोपऱ्यातले आजोबा मात्र तासभर कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. या दोघांच्या इतरांशी येणाऱ्या संपर्काची सरासरी काढून साथ कशी पसरेल याचे गणित मांडले, तर ते हमखास चुकते. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराच्या साथीत सिंगापूरमधील पहिल्या २०१ संभाव्य रुग्णांपैकी १०३ जणांना अवघ्या ५ रुग्णांकडून लागण झाली होती, तर बहुतेकांकडून कुणालाच झाल्याचे आढळले नाही. (अर्थात, शरीरातील विषाणूचे प्रमाणही सर्वांचे सारखे नसते.) म्हणूनच लशीचा क्रम ठरवताना वयाबरोबर माणसाचे कामही पाहायला हवे, असे मला वाटते.